तेलाची रेघ

शिरोली नाक्याच्या पुढं, पत्र्याच्या शोरूममध्ये
नऊ टब, काही उपडे, काही उताणे.
बागवानांचा इरफान एकेकावर हात ठेवून सांगत होता,
ह्याला चाळीस फवारे, ह्याला निळे दिवे,
ह्याच्यात गाणी वाजतात, मावशी.
मी विचारलं, बिघडलं की कोण येतं?
तो थांबला.
मग कोपऱ्यातल्या गोल, गप्प टबाकडं गेला.
एक मोटर, एक हीटर, एक गाळणी, सहाच फवारे.
"ह्याच्याकडं बघावं लागत नाही."

तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत
मी पोरांनी न धुतलेल्या परीक्षानळ्या धुतल्या.
बघावं लागत नाही असं काही
मला अजून भेटलेलं नाही.
पण जितके सांधे कमी तितकी गळती कमी,
हे ज्यांनी मला शिकवलं
ते उद्यमनगरात अडतीस वर्षं लेथपुढं उभे होते,
आणि आता त्यांचेच सांधे
दोन पायऱ्यांना कुरकुरतात.
तोच घेतला.

गच्चीवर नको म्हटलं.
आठशे लिटर म्हणजे आठशे किलो, वर माणूस.
मागल्या दारी, जास्वंदीपासून चार हात सोडून
काँक्रीटचा ओटा घातला, एकवीस दिवस पाणी मारलं.
बोअरचं पाणी भरायचं नाही.
त्याचा क्षार बंबाच्या पोटात कसा बसायचा
ते खरवडलेलं आहे मी.
नळाचं भरलं. तीन पहाटा लागल्या.

आणि हे म्हणाले,
"मी काय रताळं हाय व्हय, उकडाय?
अडीच लाखाचा हंडा!"
पायरीवर खुर्ची टाकून पेपर वाचत बसले,
गुडघ्याला तिळाचं तेल चोळत.

निम्मी देखभाल म्हणजे झाकण.
ऊब जात नाही, पानं पडत नाहीत,
कावळा आपली भाकरी दुसरीकडं भिजवतो.
उरलेली निम्मी, रविवारी गाळणी नळाखाली,
दिवसाआड कागदाची पट्टी, पंधरापर्यंत मोजायचं,
पिवळी आली तर आम्ल, लाल आली तर उलटं,
केशरी आली की चमचाभर क्लोरीन आणि गप्प बसायचं.
तीन महिन्यांनी पाणी सोडायचं,
त्याआधी दोन दिवस उघडं ठेवून
क्लोरीन उडू द्यायचं. जास्वंदीचा काय दोष?

तिसऱ्या आठवड्यात हिशेब चुकायला लागला.
रात्री टाकलेलं क्लोरीन सकाळी शून्य.
मी तर सोमवारपासून उतरलेच नव्हते.
पट्ट्या जुन्या असतील म्हणून नवी डबी फोडली.
तीच फिकी पट्टी.
मग उन्हं तिरकी आली तेव्हा दिसली,
पाण्याच्या कडेनं, टबाला गोल,
बोटभर रुंद तेलाची रेघ.
वास घेतला.
तीळ.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला जागीच होते.
झाकणाच्या पट्ट्याचा खटका,
एका पायाचं पाणी, थांबून दुसऱ्याचं,
आणि मग एक आवाज,
संध्याकाळी लेथचं बटण बंद केल्यावर
पट्टा फिरत फिरत निवतो, तसा.

मी काही बोलले नाही.
क्लोरीन दीड चमचा केलं.
गाळणी आता बुधवारीही धुते.
चाळीसवरचं तापमान अडतीसवर आणलं,
यांना बीपीची गोळी आहे.
पायरीवर रबरी चटई आपोआप आली.
आणि रोज पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या
पंधरा मिनिटं मोजते.
सोळावं लागलं तर खोकते.

आज चहाला म्हणाले,
"त्या तुझ्या हंड्याचं लई बघावं लागतंय का गं?"
कप धरलेली बोटं अजून सुरकुतलेली,
नखांच्या कडेचं काळं, अडतीस वर्षांचं,
थोडं फिकं झालेलं.
म्हटलं, छे, ह्याच्याकडं बघावंच लागत नाही.
बशी पुढं करा, सांडतोय.